खोट हीच खुंटी

खालापूर तालुक्यातलं खोपोलीचं पॉवर हाऊस 1915 साली सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं 1922 साली. घाटमाथ्यावरच्या पाण्याची ही वीज मुंबईला न्यायची, तर प्रवाहाला होणाऱ्या विरोधामुळे तार तापणारच. प्रवाह दुप्पट केला की नासाडी चौपट. म्हणून दाब चढवून प्रवाह कमी ठेवला. ती विरोधाला दिलेली बगल होती. विरोधच नसलेल्या तारेची, म्हणजे अतिसंवाहकाची, कुळकथा बहुधा शुद्धतेपासून सांगतात: 1911 साली लायडनला कामरलिंग ओनेस यांनी अगदी शुद्ध करता येतो म्हणून पारा घेतला, आणि 4.2 केल्विनच्या आसपास त्याचा विरोध नाहीसा झाला. पण पारा, शिसं, कथील यांचा हा गुण एक दशांश टेस्लाच्या आतल्या चुंबकीय क्षेत्रातच संपतो. माझ्या मते, कामाला येणाऱ्या तारेचं कूळ खोटीत आहे.

भौतिकशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी 1957 साली दाखवलं, की काही अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्राला बारीक भोवऱ्यांच्या रूपाने आत घेतात. तारेतला प्रवाह या भोवऱ्यांना आडवं ढकलतो. ते सरकले की ऊर्जा खर्ची पडते, तार तापते. निर्दोष स्फटिकात त्यांना अडवणारं काहीच नसतं. जिथे परका कण किंवा पोकळी, म्हणजे खोट, असते, तिथे अतिसंवाहकता आधीच मोडलेली, म्हणून भोवऱ्याला तिथे बसणं स्वस्त पडतं. इंग्रजीने याला टाचणीचं नाव दिलं. दावं बांधायची खुंटी मला जास्त नेमकी वाटते. 77 केल्विनच्या द्रव नायट्रोजनमध्ये, चुंबक जवळ धरून, इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची काळी वडी थंड करावी. मग वडी उचलली तर चुंबक तिच्याखाली अधांतरी लटकून राहतो. नुसतं दूर लोटणं असतं तर तो खाली पडला असता.

मग खोटी वाढवत का नेऊ नयेत? कारण सगळ्या खोटी सारख्या नसतात. इट्रियमच्या या पदार्थात शेजारचे स्फटिककण काही अंशांनी जरी तिरपे बसले, तरी त्यांच्या सांध्यात प्रवाहच अडतो. शिवाय 77 केल्विनची उष्णता भोवऱ्यांना खुंटीवरून हुसकते. त्यापेक्षा भोवरे जाळीसारखे शिस्तीत रचलेले बरे, असंही कोणी म्हणेल. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत ग्रोव्हर, रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात नायोबियम डायसेलेनाइडमध्ये ज्याचा अभ्यास केला, तो परिणाम उलट सांगतो: अतिसंवाहकता संपायच्या जरा आधी भोवऱ्यांची जाळी ढिली पडते, जो तो जवळच्या खुंटीशी जुळवून घेतो आणि प्रवाह पेलण्याची ताकद एकदम वाढते. 2004 पासून इट्रियमच्या त्याच ऑक्साइडच्या पातळ थरांत बेरियम झिरकोनेटचे काही नॅनोमीटर जाडीचे कण मुद्दाम पेरतात. ते एकावर एक रचले जाऊन त्यांचे खांब होतात, आणि भोवरा त्या खांबाला लांबीभर चिकटून उभा राहतो.