ईस्टवुड : आईचे घर, बापाची खाण

इंग्लंडला जाणारा साहित्याचा अभ्यासक स्ट्रॅटफर्डला जातो, ब्रॉन्टे भगिनींच्या हॉवर्थला जातो, ईस्टवुडला क्वचितच. नॉटिंगहॅमच्या वायव्येस बारा-तेरा किलोमीटरवरचे, एका टेकडीवर वसलेले हे कोळशाच्या खाणींचे जुने गाव. डी. एच. लॉरेन्सचा जन्म इथला, ११ सप्टेंबर १८८५ चा. आपल्याकडे त्याचे नाव अधिक गाजले ते खटल्यामुळे. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या रणजित उदेशी या पुस्तकविक्रेत्याला वीस रुपये दंड झाला आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. अश्लीलतेच्या त्या चर्चेत हा लेखक एका खाणकामगाराचा मुलगा होता, ही गोष्ट मागे पडली. तिच्यासाठी दोन दिवस काढावेत, असे हे गाव आहे.

सहलीचा रूढ बेत सोपा आहे. व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील ८ अ क्रमांकाचे जन्मघर आता संग्रहालय आहे. रस्त्याकडेच्या रुंद खिडकीत लॉरेन्सची आई, लिडिया, लहान मुलांचे कपडे आणि लेस विक्रीला मांडत असे. तिथून पदपथावर आखलेली निळी रेघ धरून निघावे, की कुटुंबाची पुढची घरे येतात : ब्रीच, वॉकर स्ट्रीट, लिन क्रॉफ्ट. दर खेपेस बिऱ्हाड थोड्या अधिक प्रतिष्ठित वस्तीत जात राहिले. ब्रीचमधले घर चाळवजा रांगेच्या टोकाचे. ‘सन्स अँड लव्हर्स’मधील मिसेस मोरेल अशाच घरासाठी आठवड्याला पाच शिलिंगांऐवजी साडेपाच शिलिंग भाडे देते, आणि त्या जादा सहा पेन्सांत तिचा सगळा ताठा साठवलेला आहे.

माझा आक्षेप या बेतालाच आहे. ही सारी आईची घरे. बाप आर्थर लॉरेन्स दिवसाचा मोठा भाग जिथे घालवी, ती ब्रिन्सलीची खाण या रेघेवर नाही. घरे जतन होतात, खाणी बुजवल्या जातात, हे त्याचे व्यावहारिक कारण झाले. पण कादंबरीनेही आपल्याला हीच सवय लावलेली आहे. ‘सन्स अँड लव्हर्स’ (१९१३) मधला मोरेल आपल्याला दिसतो तो कामावरून परतलेला, काळवंडलेला, प्यायलेला, चिडलेला. म्हणजे बायकोच्या नजरेतून. ‘ओडर ऑफ क्रिसॅन्थमम्स’ या कथेतही तेच घडते. गुदमरून मेलेला खाणकामगार घरी आणला जातो, बैठकीच्या खोलीत त्याला धुतले जाते, आणि मगच त्याच्या बायकोला त्याचे परकेपण कळते. आपण वाचक मात्र खाली उतरत नाही.

अपवाद मोरेलच्या गोष्टींचा. काडाच्या पोकळ नळ्यांत दारू भरून तो सुरुंगाच्या वाती करत बसतो आणि मुले भोवती जमतात. खाणीतला टॅफी नावाचा घोडा तंबाखूसाठी कसा हुंगत येतो, हे तो रंगवून सांगतो. त्या पानांत हा माणूस एकदम मोकळा होतो. वर्गात शिकवताना ‘मातृगंड’ या शब्दाच्या भाराखाली आपण ती पाने घाईने उलटतो. (परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही, हेही खरेच.)

म्हणून पहिली सकाळ ब्रिन्सलीला द्यावी. आर्थर इथे ‘बटी’ होता, म्हणजे कोळशाच्या एका पट्ट्याचे काम अंगावर घेऊन हाताखालच्या माणसांना मजुरी वाटणारा मुकादम. १९३४ साली इथले कोळशाचे उत्पादन थांबले. जिथून पाळणा खाली उतरे तो लाकडी मनोरा पुढे एका संग्रहालयात गेला आणि १९९१ मध्ये मूळ जागी आणून पुन्हा उभारण्यात आला होता. त्यानंतर गावातली डर्बन हाउस ही इमारत बाहेरून पाहावी. हे बार्बर-वॉकर कंपनीचे कार्यालय. बापाचा पगार आणायला लहानगा लॉरेन्स इथे येई आणि त्या गर्दीत शरमून जाई. इथले वारसा केंद्र २०१६ साली बंद झाले. दुपारी मूरग्रीनच्या तलावाकडे जावे. ‘विमेन इन लव्ह’मधील विली वॉटर तो हाच.

मूरग्रीनची खाण १९८५ मध्ये बंद पडली. मार्च १९८४ ते मार्च १९८५ या वर्षभराच्या संपात नॉटिंगहॅमशरचे बहुसंख्य कामगार, राष्ट्रीय पातळीवर मतदान झाले नाही या कारणाने, कामावर जात राहिले. पुढे त्यांनी वेगळी संघटना काढली. यॉर्कशरच्या कामगारांनी त्यांना फितूर म्हटले. त्या निष्ठेचे बक्षीस मात्र मिळाले नाही. जिल्ह्यातली शेवटची मोठी खाण, थोर्सबी, २०१५ साली मिटली. तिसरा दिवस हाताशी असेल, तर यॉर्कशरमध्ये वेकफील्डजवळ कॅपहाउस येथील राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालय गाठावे. तिथे पूर्वीचे खाणकामगारच वाटाडे असतात आणि सुमारे १४० मीटर खाली नेतात. ईस्टवुडमध्ये जे दाखवता येत नाही, ते तिथे दिसते.

बापाची एक गोष्ट मात्र ईस्टवुडातच ऐकायची, ती म्हणजे बोली. लिडिया प्रमाण इंग्रजी बोले, आर्थर स्थानिक बोली. मुले आईपुढे एक भाषा आणि बाहेर दुसरी वापरत. लॉरेन्सने उतारवयात बापाकडे अधिक ममतेने पाहिले. १९२९ साली लिहिलेल्या एका निबंधात त्याने खाणीतल्या पुरुषांची अंधारातली जवळीक आणि त्यांचे फुलांवरचे प्रेम आठवले आहे, आणि गावाच्या कुरूपतेचा दोष मालकवर्गावर ठेवला आहे. मग मुंबईत खटला झालेल्या त्या पुस्तकातला वनरक्षक मेलर्स प्रमाण भाषा येत असूनही ऐन क्षणी बोलीकडे का वळतो, याचा उलगडा होऊ लागतो. आईने घरातून हद्दपार केलेली ती भाषा आहे. नॉटिंगहॅमहून ईस्टवुडला जाताना बसमध्ये पुढच्या बाजूस बसावे. अनोळखी माणसालाही ‘मी डक’ म्हणणारे आजी-आजोबा भेटतील. त्यांच्याशी बोलायला थोडा वेळ हाती ठेवावा.