खांदेरीचा दिवा

पनवेल म्हटलं की आज एसटी स्टँड, लोकलचं स्टेशन आणि एक्स्प्रेसवे आठवतो. बंदर कुणालाच आठवत नाही. पण 1679 साली मुंबईतल्या इंग्रजांची झोप उडवण्यात या बंदराचाही वाटा होता. शिवाजी महाराजांचं सुमारे 4,000 सैन्य कल्याण-भिवंडीकडे आलं होतं. ठाण्यावरून मुंबईत शिरायचं तर वाट पोर्तुगीज मुलखातून जाणार, आणि पोर्तुगीजांनी ती नाकारली. मग फौज पनवेलला आली. समोर ट्रॉम्बे, मध्ये खाडी, आणि पलीकडे न्यायला सात शिबाडं.

हे सगळं एका खडकासाठी चाललं होतं. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोर, समुद्रात दोन बेटं आहेत. जवळचं उंदेरी, लांबचं खांदेरी. इंग्रजांच्या जिभेवर त्यांचं ‘हेनरी-केनरी’ झालं. ऐकून दोन भाऊ वाटतात. मुंबई बंदरात दक्षिणेकडून येणारं जहाज खांदेरीवरून दिसल्याशिवाय राहत नाही. महाराजांनी हे हेरलं आणि 1679 च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांना तिथे किल्ला बांधायला पाठवलं. पावसाळ्यात, म्हणजे शहाणा माणूस होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो त्या दिवसांत.

बेट मुंबईचंच आहे, असं इंग्रजांचं म्हणणं. त्यांनी जहाजं आणून वेढा घातला आणि सप्टेंबरात उतरायचा प्रयत्नही केला. तो फसला आणि उतरणाऱ्यांचा अधिकारीच मारला गेला. खरी गंमत रात्री व्हायची. मोठ्या जहाजांना वारा लागतो, खोल पाणी लागतं. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर, उथळ पाण्यातून, अंधारात निसटायच्या आणि सकाळी तट थोडा आणखी वर आलेला असायचा. किनारा पाठ असलेल्या कोळी-भंडाऱ्यांसमोर तोफांचं फारसं चाललं नाही. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचं आरमार इंग्रजांवर चालून गेलं. ‘डोव्हर’ हे त्यांचं गुराब मराठ्यांच्या हाती लागलं. ‘रिव्हेंज’ जहाज मात्र नेटानं लढलं आणि त्यानं मराठ्यांची काही गलबतं बुडवली. त्या दिवशी कोण जिंकलं यावर वाद घालता येईल. पण किल्ल्याचं काम थांबलं नाही. त्यात पनवेलची बातमी. मुंबईत माणसं थोडी, आणि सुरतेच्या वरिष्ठांना खर्चाची चिंता. 1680 च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीनं उंदेरी बळकावली आणि दोन शेजारी बेटं एकमेकांवर तोफा डागू लागली, तो वेगळा विषय.

1718 मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले आणि पुन्हा परतले. बेट त्यांना मिळालं ते 1818 मध्ये, पेशवाई बुडाल्यावर.

आणि मग 1867 साली त्यांनी तिथे दीपगृह बांधलं. अष्टकोनी मनोरा, सुमारे 25 मीटर उंच. त्याआधीच्या काही वर्षांत कापसाच्या व्यापारानं मुंबई फुगली होती. दोनच वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि बंदरातली गर्दी आणखी वाढली. ज्या बेटाकडे मुंबईची जहाजं धास्तीनं बघायची, तेच आता त्यांना रात्री वाट दाखवू लागलं. मला यात इंग्रजांचा मोठेपणा वगैरे दिसत नाही. जागा मोक्याची हे दोघांनाही कळलं होतं. एकानं तोफ ठेवली, दुसऱ्यानं दिवा.

दिव्याचा त्रास असतो तो पक्ष्यांना. धुक्याच्या किंवा अमावास्येच्या रात्री स्थलांतर करणारे पक्षी दीपगृहाच्या झोताकडे ओढले जातात, घिरट्या घालून दमतात, काचेवर आपटतात. ब्रिटनमध्ये 1879 पासून दीपगृहांवरच्या रखवालदारांना अशा पक्ष्यांच्या नोंदी ठेवायला सांगितलं गेलं, आणि स्थलांतराच्या अभ्यासाला त्यातून मोठी मदत झाली. आपल्याकडचं पक्षिशास्त्र मात्र खांदेरीसमोरच्याच किनाऱ्यावर, वेगळ्याच कारणानं बहरलं. 1930 मध्ये नोकरी गेलेले सालिम अली किहीमला येऊन राहिले आणि सुगरणीची घरटी बघत बसले. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी ते तपासते, पसंत पडलं तरच संसार, हे त्यांनी तिथे टिपलं. किहीमच्या वाळूत उभं राहिलं की खांदेरी दिसतं.

1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये खांदेरी आहे. आता पर्यटक वाढतील, जेट्ट्या, पाट्या, सेल्फी पॉइंट येतील. कोळ्यांना याचं फार अप्रूप नसावं. त्यांच्यासाठी बेटावर वेताळ आहे, त्याच्या पाया पडायला ते आधीपासूनच जातात. जाणार असाल तर तिथला एक खडक दगडानं हलकेच वाजवून पाहा, भांड्यासारखा आवाज येतो. आणि परतीच्या होडीत बसण्याआधी तटाचे दगड नीट बघा. पावसाळ्यात, वेढ्यातून, रात्री होडीनं सामान आणून उभा राहिलेला तट आहे तो.