देवराई कोणाची? भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील जुना वाद

१/७
पश्चिम घाट कोणी राखावा, हा वाद २०११ च्या गाडगीळ अहवालापासून सुरू झाला, असा सर्वसाधारण समज आहे. भोर आणि वेल्हे (आजचा राजगड) तालुक्यांत मात्र तो त्याहून जुना आहे. त्याची साक्षीदार म्हणजे देवराई.

२/७
देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. शिरकाई, वाघजाई, जननी अशा देवतांच्या रानात कुऱ्हाड चालत नसे. गरज पडलीच तर आधी देवीचा कौल लावीत. नियम कोठे लिहिलेला नव्हता. तो पाळणारे आणि पाळायला लावणारे, दोघेही गावकरीच.

३/७
ब्रिटिश मुलखात १८७८ च्या वन कायद्याने वेगळा विचार रुजवला: राखीव जंगल सरकारचे, व्यवस्था वनखात्याची. १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन झाले आणि येथील डोंगरही त्याच चौकटीत आले.

४/७
पुढे पानशेत धरण झाले. खोऱ्यातील सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या. रस्त्यामागोमाग कोळशाचे व्यापारी आले आणि उतारांवरची झाडे भट्ट्यांत गेली. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हा उघड्या डोंगरांत कित्येक ठिकाणी देवराईच तेवढी हिरवी उरली होती. तीही सर्वत्र टिकली नाही. बाजारापुढे केवळ श्रद्धा पुरत नाही, हा सरकारी पक्षाचा युक्तिवाद म्हणूनच निराधार नव्हे.

५/७
२०११ मध्ये गाडगीळ समितीने संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले आणि अंतिम निर्णयात ग्रामसभांना स्थान द्यावे, असे सुचवले. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने ते क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले.

६/७
२०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघाले. जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौ. किमी क्षेत्र होते. त्यात बंदी खाणी, औष्णिक वीज प्रकल्प आणि प्रचंड बांधकामे यांवर होती, शेतीवर नव्हती. तरीही घाटातील गावे धास्तावली. यादीत गावाचे नाव आले. गावाला विचारले कोणी?

७/७
२००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ‘संवर्धन राखीव’ सरकारी जमिनीसाठी आणि ‘सामुदायिक राखीव’ खासगी वा सामूहिक जमिनीसाठी आले. पण जिथे सातबारा सरकारचा आणि राखण गावाची, ती देवराई नेमकी या दोहोंच्या मधे पडते. गावाकडून राखणीचा अधिकार गेला, तर जबाबदारीही जाते. आणि एवढ्या डोंगरांत प्रत्येक झाडामागे पहारेकरी उभा करणे कोणत्याही खात्याला शक्य नाही.