तळटीप : किफायतशीर मागणीसंख्या

१२. एका खेपेला किती माल मागवावा, याचे हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३मध्ये मांडले. वार्षिक गरज आणि दर खेपेचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट घ्यावी, तिला एका नगाच्या वार्षिक साठवणखर्चाने भागावे आणि वर्गमूळ काढावे. समजा, बंगळुरूच्या राजाजीनगर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याला पुण्याहून वर्षाला ३,६०० बेअरिंग लागतात. खेपेचा खर्च २०० रुपये, साठवण नगामागे ४ रुपये. उत्तर येते ६०० नग, म्हणजे वर्षाला ६ खेपा. दोन्ही खर्च मिळून २,४०० रुपये. ७२० नग मागवले तरी खर्च फक्त ४० रुपयांनी वाढतो. म्हणून टेम्पो पुरता भरण्यासाठी आकडा थोडा वाढवायला हरकत नाही. मागणी वर्षभर सारखी नसेल, तर मात्र हे सूत्र जसेच्या तसे वापरू नये. — संपा.