थांबलेले रथ, उरलेल्या खुणा

रोमच्या यात्रेला गेलेले आपल्याकडील भाविक संत पेत्र चौकात पाऊल ठेवतात, तेव्हा त्यांची नजर प्रथम महामंदिराच्या घुमटाकडे जाते. नंतर बाहू पसरल्यासारख्या दोन्ही बाजूंच्या स्तंभपंक्ती दिसतात. चौकाच्या मध्यभागी असलेल्या उंच दगडी खांबापाशी मात्र फारसे कोणी रेंगाळत नाही. त्याच्या सावलीत क्षणभर विसावायचे, एखादे छायाचित्र काढायचे आणि रांगेत जाऊन उभे राहायचे, एवढेच. वास्तविक त्या भव्य चौकात प्रेषित पेत्राचा काळ पाहिलेली वस्तू तीच एक आहे. आणि ती आली आहे घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातून!

रोमन लोक अशा मैदानाला 'सर्कस' म्हणत. हा शब्द ऐकताच आपल्यापुढे तंबू, हत्ती आणि विदूषक उभे राहतात. परंतु मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ वर्तुळ किंवा कडे असा आहे. लांबट आकाराचे मैदान, तिन्ही बाजूंना प्रेक्षकांच्या पायऱ्या, चौथ्या बाजूला रथ सोडण्याचे दरवाजे आणि मध्यभागी लांबच लांब ओटा, अशी त्याची रचना असे. चार घोड्यांचे रथ त्या ओट्याभोवती सात फेऱ्या घालत. फेऱ्या मोजण्यासाठी ओट्यावर अंडाकृती गोळे आणि डॉल्फिन माशांच्या प्रतिमा बसवलेल्या असत. तांबडा, पांढरा, निळा आणि हिरवा असे चार रंगांचे चार पक्ष होते. ओट्याच्या टोकाशी वळताना रथ उलटून सारथी मरण पावणे ही नित्याची गोष्ट होती. किंबहुना गर्दी जमे ती त्या वळणासाठीच.

व्हॅटिकन टेकडीच्या पायथ्याशी असे मैदान बांधण्यास सम्राट कॅलिग्युलाने प्रारंभ केला. त्याच्या मध्यावर उभा करण्यासाठी त्याने इजिप्तमधून तांबूस ग्रॅनाइटचा एकसंध खांब आणवला. त्याची उंची सुमारे २५ मीटर आहे. इजिप्तच्या इतर बहुतेक खांबांवर असते तशी चित्रलिपी यावर नाही. ज्या जहाजातून तो आला ते एवढे प्रचंड होते की, पुढे सम्राट क्लॉडियसने ते ओस्तिया बंदरापाशी बुडवून त्यावर बांधकाम केले, अशी नोंद प्लिनीने केली आहे. कॅलिग्युलानंतर काही वर्षांनी हे मैदान नीरोच्या हाती आले. रथ हाकण्याचा त्याला विलक्षण नाद होता.

इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोम शहराला भीषण आग लागली. ती नीरोनेच लावली, अशी कुजबुज सुरू झाली. संशय झटकण्यासाठी त्याने ख्रिस्ती लोकांवर आळ घेतला. पुढे काय घडले ते टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. तो स्वतः ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती लोकांविषयी त्याला तिटकाराच होता. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते. कोणाला जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकण्यात आले, कोणाला क्रुसावर खिळण्यात आले, तर कोणाला दिवस मावळल्यावर दिव्यांप्रमाणे पेटवण्यात आले. या खेळासाठी नीरोने स्वतःची उद्याने खुली केली होती आणि तो सारथ्याच्या वेषात गर्दीत मिसळला होता. अखेर पाहणाऱ्यांनाही दया आली, असे टॅसिटस सांगतो. त्या रक्तसाक्षींपैकी बहुतेकांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. ३० जून रोजी ख्रिस्तसभा रोमच्या आद्य रक्तसाक्षींचे स्मरण करते, ते त्यांचेच. संत पेत्रालाही याच परिसरात मरण आले, असे आपली परंपरा सांगते.

त्यानंतर शंभर वर्षेही हे मैदान नीट टिकले नाही. दुसऱ्या शतकात तेथील शर्यती थांबल्या आणि जागेवर थडगी उभी राहिली. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने पेत्राच्या कबरीवर महामंदिर उभारले. मंदिराची दक्षिणेकडील भिंत मैदानाच्याच भिंतीवर उभी आहे, असा समज पुढे कित्येक वर्षे रूढ होता. १९४० नंतरच्या उत्खननात मात्र तेथे केवळ थडगीच सापडली. मैदान थोडे दक्षिणेला होते, हे त्यावरून कळून आले. श्रद्धेला प्रिय असलेली एखादी गोष्ट इतिहासाने दुरुस्त केली म्हणून श्रद्धेला धक्का लागत नाही, हे आपण ध्यानी ठेवावे. पेत्राच्या कबरीची परंपरा त्याच उत्खननाने अधिक बळकट झाली.

खांब मात्र या सर्व काळात आपल्या मूळ जागी उभाच होता. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्टस यांच्या आज्ञेवरून दोमेनिको फोन्ताना या स्थपतीने तो महामंदिराच्या बाजूने काढून समोरच्या चौकात आणला. अंतर जेमतेम अडीचशे मीटर. परंतु त्यासाठी सुमारे नऊशे माणसे, कित्येक घोडे आणि चाळीस रहाट लागले. एप्रिलअखेर सुरू झालेले काम १० सप्टेंबर रोजी पूर्ण झाले. खांबाच्या माथ्यावरील धातूच्या गोळ्यात ज्यूलियस सीझरची रक्षा आहे, असे लोक मानीत. फोन्तानाने पाहिले तर गोळा रिकामाच निघाला! आता तेथे क्रूस आहे. खांबाच्या मूळ जागी महामंदिराच्या दक्षिणेस फरसबंदीत एक दगड बसवला आहे आणि त्या छोट्या चौकाला आद्य रक्तसाक्षींचे नाव दिले आहे. नीरोच्या मैदानाची डोळ्यांना दिसणारी खूण म्हणाल तर तेवढीच.

रोममध्ये अशा खुणा आणखीही आहेत. पॅलाटिन आणि ॲव्हेंटाइन टेकड्यांमधील सर्कस मॅक्सिमस हे सर्वांत मोठे मैदान. त्याची लांबी सुमारे सहाशे मीटर होती. तेथील अखेरची शर्यत इ. स. ५४९ मध्ये झाली. त्यानंतर तेथे शेती झाली, एकोणिसाव्या शतकात गॅसचा कारखानाही उभा राहिला. आज तेथे गवताचा लांबट खोलगट पट्टा आहे. सकाळी लोक फिरायला येतात, मुले चेंडू खेळतात. पण दोन्ही बाजूंच्या उतारांनी जुना आकार विसरू दिलेला नाही. तेथील दोन खांब आज लॅटरन महामंदिरापाशी आणि पियाझ्झा देल पोपोलो या चौकात उभे आहेत. संत सेबास्तियनच्या भुयारी दफनभूमीजवळ सम्राट मॅक्सेन्शियसच्या मैदानाच्या भिंती अद्याप शाबूत आहेत. तेथे उभे राहिले की मन उदास होते. एवढा जल्लोष, एवढी ईर्षा, एवढे पैजेचे पैसे. आणि उरले काय, तर विटा आणि रानफुले.

या उदासपणात एक धोकाही दडलेला आहे. रिकाम्या मैदानात उभे राहून आपण स्वतःला सहज बळींच्या बाजूला बसवतो. इतिहास तेवढा सोपा नाही. सम्राट ख्रिस्ती झाले, पण शर्यती थांबल्या नाहीत. इ. स. ३९९ मध्ये संत जॉन क्रिसोस्तोम यांना व्यासपीठावरून आपल्या भाविकांची कानउघाडणी करावी लागली, कारण ते गुड फ्रायडेच्या दिवशी घोड्यांच्या शर्यतींना गेले होते. त्याच कॉन्स्टँटिनोपल नगरीत ५३२ साली निळ्या आणि हिरव्या पक्षांनी एकत्र येऊन बंड केले, तेव्हा ख्रिस्ती सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने शर्यतीच्या मैदानातच तीस हजारांवर माणसे कापून काढली, असे प्रोकोपियस लिहितो. मारणारे ख्रिस्ती आणि मरणारेही ख्रिस्तीच. १२०४ मध्ये क्रूस मिरवीत निघालेल्या योद्ध्यांनी तीच ख्रिस्ती नगरी लुटली. तेथील शर्यतीच्या मैदानातले धातूचे चार घोडे व्हेनिसला गेले आणि संत मार्कच्या मंदिरावर चढले. आता त्यांच्या प्रतिकृती बाहेर आणि मूळ घोडे आत आहेत. लुटीची खूण देवळाच्या दर्शनी भागावर मिरवावी, याहून मोठी विसंगती कोणती?

आणखी एक खूण तर आपण बहुधा पायांखाली तुडवतो. रोमच्या मध्यवर्ती रस्त्याचे नाव 'कोर्सो', म्हणजे धाव अथवा शर्यत. १४६६ साली पोप दुसरे पॉल यांनी उपवासकाळापूर्वीच्या उत्सवातील शर्यती या सरळ रस्त्यावर आणल्या. तेथे स्वाराविना घोडे धावत. त्याच उत्सवात रोममधील ज्यूंनाही धावायला लावीत आणि दोन्ही बाजूंची ख्रिस्ती गर्दी त्यांची टर उडवीत असे. १६६८ साली पोप नववे क्लेमेंट यांनी ही प्रथा बंद केली. पण तिच्या बदल्यात ज्यूंकडून पैसे वसूल होत राहिले. म्हणजे दोनशे वर्षे पायऱ्यांवर आपण बसलो होतो आणि धावत होते ते येशूचे, मरियेचे आणि पेत्राचे भाऊबंद! १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पेत्र महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पातकांसाठी देवाकडे क्षमा मागितली. त्यांत ज्यू लोकांविरुद्धच्या पातकांचा स्पष्ट उल्लेख होता.

८ जून १८६२ रोजी त्याच महामंदिरात पोप नववे पायस यांनी जपानमधील २६ रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर त्यांना क्रुसावर मरण आले, तेव्हा तेथेही पाहणारी गर्दी होतीच. प्रत्येक रक्तसाक्षीच्या भोवती अशी एक गर्दी असते. तिच्यातील बहुतेक जण दुष्ट नसतात. ते केवळ पाहायला आलेले असतात.

म्हणून रोमला जाणाऱ्या आपल्या बांधवांना एवढीच विनंती आहे: त्या खांबापाशी दोन मिनिटे थांबा. त्याने नीरोचे रथ पाहिले, ज्वाळा पाहिल्या, पायऱ्यांवरची माणसेही पाहिली. ज्यांची नावे देवालाच ठाऊक आहेत त्या रक्तसाक्षींसाठी कृतज्ञतेची एक प्रार्थना म्हणा. मग दुसरी प्रार्थना स्वतःसाठी म्हणा, की आपल्या गावात, आपल्या गल्लीत एखाद्या दुबळ्याचा तमाशा मांडला जाईल तेव्हा पायरीवर बसून राहण्याचा मोह मला न होवो.