तारापूरचे अणुइंधन

तारापूरचे अणुइंधन : पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ असलेल्या तारापूर अणुविद्युत केंद्राच्या चार अणुभट्ट्यांना लागणारे युरेनियम इंधन आणि त्याच्या पुरवठ्याची व्यवस्था. हे इंधन हैदराबादच्या 'न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स' या अणुऊर्जा विभागाच्या कारखान्यात तयार होते. एकाच आवारात दोन जातींच्या भट्ट्या असल्याने इंधनही दोन प्रकारचे लागते, आणि दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरवलेल्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. 28 ऑक्टोबर 1969 रोजी त्यांच्यापासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. निसर्गात मिळणाऱ्या युरेनियमात विखंडनक्षम युरेनियम-235 जेमतेम 0.7 टक्के असते. साध्या पाण्यावर चालणाऱ्या या भट्ट्यांना ते पुरत नाही. हे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांपर्यंत वाढवलेले, म्हणजे समृद्ध केलेले युरेनियम लागते. तिसरी व चौथी भट्टी भारतीय अभियंत्यांनी आखलेली, प्रत्येकी 540 मेगावॉटची आहे. चौथी 2005 मध्ये आणि तिसरी 2006 मध्ये व्यापारी उत्पादनात आली. त्या जड पाण्यावर चालतात, त्यामुळे त्यांना नैसर्गिक युरेनियमच चालते.

पुरवठ्याचा इतिहास : 1963 च्या भारत-अमेरिका कराराने अमेरिकेने तीस वर्षे समृद्ध युरेनियम द्यायचे आणि भारताने तारापुरात तेच वापरायचे, असे ठरले. आरंभीचे इंधन तयार होऊनच अमेरिकेतून आले. हैदराबादचा कारखाना उभा राहिल्यावर तिकडून युरेनियम हेक्साफ्लुओराइड आणून त्याचे इंधन येथे करण्यात येऊ लागले. कारखान्याच्या उभारणीची धुरा धातुशास्त्रज्ञ ब्रह्म प्रकाश यांच्याकडे होती. त्याआधी तुर्भ्याला 1959 मध्येच अणुभट्टीच्या दर्जाचा युरेनियम धातू तयार झाला होता आणि 'सायरस' या संशोधन भट्टीच्या इंधनकांड्याही तेथे बनत होत्या. हैदराबादच्या कारखान्याला अनुभवी हात मिळाले ते तेथूनच.

मे 1974 च्या पोखरण येथील भारताच्या अणुचाचणीनंतर पुरवठ्यात अडथळे सुरू झाले. 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा कायदा केला आणि जुन्या कराराला नव्या अटी जोडल्या. 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी मंजूर केलेला साठा अमेरिकी सिनेटमध्ये 48 विरुद्ध 46 अशा निसटत्या फरकाने वाचला. मुंबई-गुजरातकडच्या विजेचा एक भाग दोन मतांच्या फरकावर टांगलेला होता, ही गोष्ट महाराष्ट्राच्या ऊर्जेच्या इतिहासात ठळकपणे नोंदवली गेली पाहिजे. 1982 मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका भेटीत तोडगा निघाला आणि पुरवठा फ्रान्सकडे गेला. 1993 मध्ये मूळ कराराची मुदत संपल्यावर फ्रान्सनेही हात आखडता घेतला. पुढे 1995 मध्ये चीनने आणि 2001 व 2006 मध्ये रशियाने इंधन दिले. मधल्या ओढाताणीच्या काळात तारापुरातच प्लुटोनियम व युरेनियम यांच्या ऑक्साइडांचे मिश्र इंधन तयार करून त्याच्या कांड्यांच्या काही जुड्या भट्टीत यशस्वीपणे वापरण्यात आल्या.

सप्टेंबर 2008 मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला अणुव्यापारासाठी सूट दिली. त्यानंतर 2009 च्या आरंभी रशियाच्या 'त्वेल' या इंधन कंपनीशी करार झाला. तारापूरच्या जुन्या भट्ट्यांसाठी समृद्ध युरेनियम आणि जड पाण्याच्या भट्ट्यांसाठी 2,000 टन नैसर्गिक युरेनियमच्या वड्या (पेलेट) असा तो मोठा व्यवहार होता. परदेशी युरेनियम मात्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखालील भट्ट्यांतच वापरता येते. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्या त्या देखरेखीबाहेर ठेवलेल्या असल्याने त्यांची भिस्त देशी खाणींवर आहे. इंधन बनवण्याची कला हैदराबादला पूर्ण साधली होती. परावलंबन होते ते समृद्धीकरणापुरते. जड पाण्याचा मार्ग धरण्यामागचा, भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रवर्तक होमी भाभा यांचा हिशेब तारापूरच्या अनुभवाने पुरेपूर पटतो.

निर्मिती : देशी युरेनियम मुख्यतः झारखंडातील जादुगुडा परिसरातून आणि आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्लीहून पिवळ्या भुकटीच्या रूपात हैदराबादला येते. ती नायट्रिक आम्लात विरघळवून द्रावकाच्या साहाय्याने शुद्ध करतात. मग अमोनिया सोडून युरेनियमचा साका खाली बसवतात, तो भाजतात आणि हायड्रोजनच्या वातावरणात त्याची युरेनियम डायऑक्साइडची पूड करतात. पूड साच्यात दाबली की बोटाच्या पेराएवढी वडी तयार होते. ही वडी सुमारे 1,700 अंश सेल्सिअसला हायड्रोजनमध्ये भाजली जाते तेव्हा आक्रसते, घट्ट होते आणि चकचकीत काळी पडते. तिची दोन्ही टोके मुद्दाम किंचित खोलगट ठेवतात, कारण भट्टीत वडीचा मध्य कडेपेक्षा जास्त तापतो आणि जास्त फुगतो. कडा घासून नेमका व्यास साधल्यावर वड्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकामागून एक भरतात, नळीत हेलियम भरतात आणि दोन्ही टोके वितळजोडाने बंद करून कांडी तयार करतात.

नळीच्या धातूची तयारीही तितकीच किचकट आहे. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूतील झिर्कॉनमध्ये हाफ्नियम मिसळलेले असते. हाफ्नियम न्यूट्रॉन गिळते, म्हणून ते वेगळे काढल्यावाचून हा धातू भट्टीच्या उपयोगाचा नसतो. हे कामही हैदराबादला होते.

नव्या भट्ट्यांसाठी अशा 37 कांड्यांची, सुमारे अर्धा मीटर लांबीची जुडी बांधतात. एका भट्टीत 392 नलिका आणि प्रत्येकीत 13 जुड्या, म्हणजे एकूण 5,096 जुड्या असतात. भट्टी चालू असतानाच यंत्राने एका बाजूने ताजी जुडी ढकलतात आणि दुसऱ्या बाजूने वापरलेली काढून घेतात. जुन्या भट्ट्यांत मात्र भट्टी थंड करून, झाकण उघडून इंधन बदलावे लागते. त्यांच्या जुडीत 36 लांब कांड्या असतात आणि एका भट्टीत अशा 284 जुड्या मावतात.

पारशिवनी तालुक्यातील गोंडेगावसारख्या कोळशाच्या खुल्या खाणी आणि शेजारचे खापरखेडा औष्णिक विद्युत केंद्र पाहणाऱ्या नागपूरकराला इंधनाच्या वजनातला फरक चटकन कळेल. कोळशावरचा 500 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा जाळतो. तारापूरच्या 540 मेगावॉटच्या भट्टीला दिवसाकाठी दहा-बारा जुड्या पुरतात. त्या ट्रकने हैदराबादहून येतात.

वापरलेले इंधन : जड पाण्याच्या भट्ट्यांतील इंधनावर तारापुरातच पुनर्प्रक्रिया होते. त्यातून मिळणाऱ्या प्लुटोनियमपासून कल्पाक्कमच्या द्रुत प्रजनक भट्टीसाठी मिश्र इंधन बनवण्याचे कामही येथेच चालते. जुन्या दोन भट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनाचा प्रश्न मात्र अमेरिकेशी झालेल्या मतभेदांमुळे दशकानुदशके रेंगाळला आणि ते आवारातील पाण्याच्या टाक्यांत साठवले गेले. या दोन्ही भट्ट्या 2020 मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद करण्यात आल्या.