बळ, हिंसा आणि सुधारणा : ओतूर ते न्यूयॉर्क

बर्ट्रांड रसेल यांच्या 'प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन' (१९१६) या ग्रंथाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेले परीक्षण १९१८ मध्ये 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'त प्रसिद्ध झाले. १९१६ चा जातिसंस्थेवरील निबंध आणि १९३६ चे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या दोन संहितांच्या मध्ये हे परीक्षण सहसा झाकले जाते. त्याची दखल घेतली गेली तरी ती जॉन ड्यूई यांच्या प्रभावाचा एक प्रारंभिक पुरावा म्हणून. 'प्रभाव' या संकल्पनेची मर्यादा नेमकी येथे उघड होते. या परीक्षणात ड्यूईंची जी कल्पना येते, ती त्याच सुमारास अमेरिकेत एका महायुद्धाचे समर्थन करण्यासाठी वापरली जात होती. गुरूकडे जी युद्धाच्या बाजूने उभी राहिली, ती कल्पना शिष्याकडे कशाच्या बाजूने उभी राहते, हा प्रश्न विचारल्याशिवाय या संहितेचे वाचन पूर्ण होत नाही.

त्यासाठी प्रथम अमेरिकेतील परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे सामाजिक सुधारणेची एक व्यापक चळवळ उभी राहिली होती. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत स्थापन केलेले 'हल हाउस' हे तिचे एक केंद्र होते. बालमजुरीला आळा, कामाच्या तासांवर मर्यादा, मक्तेदारीवर नियंत्रण, स्त्रियांचा मताधिकार, दारूबंदी असे तिचे विषय होते. समाज हा बुद्धिपूर्वक घडविता येतो, ही या साऱ्यांमागील श्रद्धा. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले आणि ही श्रद्धा सत्तेच्या जवळ पोहोचली. मात्र त्याच वर्षी त्यांच्या प्रशासनाने संघीय कार्यालयांत गौर व कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे करण्यास आरंभ केला. सुधारणेच्या या युगाला वर्णाची सीमारेषा होती. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला पोहोचले तेही याच वर्षी.

युरोपात युद्ध पेटल्यावर या सुधारकांत फूट पडली. अ‍ॅडम्स १९१५ मध्ये स्त्रियांच्या शांतता पक्षाच्या अध्यक्ष झाल्या व हेग येथील परिषदेस गेल्या. देशाला युद्धापासून दूर ठेवल्याच्या पुण्याईवर विल्सन १९१६ ची निवडणूक जिंकले आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. अनेक सुधारकांनी या निर्णयाचे स्वागत केले. युद्धाच्या निकडीतून राज्यसंस्था उद्योगांवर नियंत्रण आणील, व्यक्तिवाद मागे पडेल आणि शांततेच्या काळात जे साधले नाही ते आता साधेल, असा त्यांचा कयास होता. ड्यूई हे या मताचे सर्वांत प्रतिष्ठित प्रतिनिधी ठरले.

ड्यूईंच्या भूमिकेची तात्त्विक बैठक त्यांनी १९१६ मध्येच मांडून ठेवली होती. बळ ही स्वतः चांगली वा वाईट गोष्ट नव्हे. बळाशिवाय कोणतेही कार्य सिद्धीस जात नाही. जे बळ कार्य साधते ती ऊर्जा. जे वाया जाते, विध्वंस करते, ती हिंसा. म्हणून बळ वापरावे की नाही असा प्रश्न न विचारता, ते कोणत्या हेतूसाठी व किती कार्यक्षमतेने वापरले जाते असे विचारावे. केवळ बळाचा निषेध करणारा शांततावाद या दृष्टीने निष्फळ ठरतो.

या युक्तिवादातील धोका ड्यूईंचाच एक चाहता, रँडॉल्फ बोर्न, याने ओळखला. 'सेव्हन आर्ट्स' या मासिकात १९१७ मध्ये लिहिलेल्या निबंधांत त्याने दाखवून दिले की, युद्ध हे हवे तेव्हा हाती घ्यावे आणि हवे तेव्हा खाली ठेवावे असे साधन नव्हे. साधनच हेतूला गिळून टाकते आणि आपण घटनांना दिशा देत आहोत असे मानणारे विचारवंत प्रत्यक्षात त्यांच्यामागून फरफटत जातात. पुढील घटनांनी बोर्नला दुजोरा दिला. जून १९१७ चा हेरगिरीविरोधी कायदा आणि मे १९१८ चा राजद्रोहविषयक कायदा यांनी मतभेद हाच गुन्हा ठरविला. युद्धविरोधी भाषणासाठी समाजवादी नेते युजीन डेब्ज यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ज्या कोलंबिया विद्यापीठात ड्यूई शिकवीत होते, तेथून ऑक्टोबर १९१७ मध्ये दोन प्राध्यापकांना त्यांच्या युद्धविषयक भूमिकेमुळे काढण्यात आले. निषेध म्हणून इतिहासकार चार्ल्स बिअर्ड यांनी राजीनामा दिला. बालमजुरीविरोधी कायदा १९१६ मध्ये संमत झाला होता. जून १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. दारूबंदी आणि स्त्रियांचा मताधिकार या दोन घटनादुरुस्त्या १९१९ व १९२० मध्ये झाल्या खऱ्या. पण युद्धाने समाजाची पुनर्रचना होईल ही अपेक्षा फोल ठरली.

आंबेडकर यांतील काही प्रत्यक्ष पाहू शकले नाहीत. १९१६ च्या मध्यास ते लंडनला गेले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस परतले. त्यांचे सामान वाहून आणणारे जहाज पाणतीराने बुडाले आणि त्यात त्यांची पुस्तके व कागदपत्रे गेली. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहावयास जागा मिळेना. जेथे मिळाली तेथून अस्पृश्य म्हणून हाकलण्यात आले. रसेलच्या ग्रंथाचे परीक्षण लिहिणारा लेखक तो हा. रसेल त्या वेळी युद्धविरोधासाठी केंब्रिजमधील आपले अध्यापकपद गमावून बसले होते आणि १९१८ मध्ये त्यांना कारावासही भोगावा लागला.

परीक्षणातील कळीचा भाग युद्धासंबंधीचा आहे. रसेल शांततावादी आहेत, तेव्हा भारतीय वाचक त्यांच्यात आपल्या निवृत्तिपर जीवनदृष्टीचे समर्थन शोधील, अशी शंका आंबेडकरांना येते आणि ते ती वाट बंद करतात. रसेल युद्धाच्या विरोधात आहेत, कर्मशीलतेच्या नव्हे; निष्क्रियता हे मृत्यूचेच दुसरे नाव होय, असे ते बजावतात. येथेच ड्यूईंचा ऊर्जा आणि हिंसा हा भेद येतो. परंतु ड्यूईंचे लक्ष्य युद्धाला नकार देणारा अमेरिकन शांततावादी होता, तर आंबेडकरांचे लक्ष्य आहे ते अन्यायाला मान तुकविणारे आणि त्या शरणागतीला अध्यात्म म्हणणारे मन. भेद तोच राहिला. ज्याच्यावर तो चालवायचा ते क्षेत्र बदलले. राज्याराज्यांतील युद्धाऐवजी गावकुसाच्या आतबाहेरची समाजरचना त्याचा विषय झाली. कल्पनेचे असे स्थलांतर 'प्रभाव' या शब्दात मावत नाही.

ही दिशा आकस्मिक नव्हती. तिच्यामागे महाराष्ट्रातील आचरणाचा एक इतिहास उभा होता, आणि त्याचे एक ठळक क्षेत्र म्हणजे कुकडी व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत एकमेकांस लागून वसलेला जुन्नर-आंबेगावचा प्रदेश. मे १८७५ मध्ये भीमथडी तालुक्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते हिसकावून जाळली. १८८० च्या दशकात जुन्नरच्या शेतकऱ्यांनी निराळा मार्ग धरला. सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास त्यांनी नकार दिला, जमिनी पडीक राहू दिल्या. जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच दशकात जुन्नर तालुक्यातील ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशीवतनदाराला न बोलावता विवाह लावला. वतनदाराने हक्कासाठी दावा केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. एका विवाहातील दक्षिणा किती, हा वरवरचा प्रश्न होता. खरा प्रश्न असा की, माणसाने आपल्या घरच्या संस्कारातून मध्यस्थाला वगळले, तर कायदा त्याला दंड करू शकतो काय?

ड्यूईंच्या परिभाषेत बोलायचे तर सुपे येथे ऊर्जेत हिंसेची भेसळ होती. जुन्नर व ओतूर येथे नकार हीच ऊर्जा होती. येथे कोणी शस्त्र उचलले नाही, पण कोणी निवृत्तही झाले नाही. आंबेडकरांनी परीक्षण लिहिताना ओतूरचे स्मरण ठेवले होते, असा दावा करण्याचे कारण नाही. मुद्दा इतकाच की, ज्या समाजात असा नकार आधीच आचरला गेला होता, त्या समाजात बळाच्या या कल्पनेला युद्धाहून वेगळा अर्थ उपलब्ध होता. आणि हा संवाद एकतर्फीही नव्हता. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली होती. अमेरिकेने पुढे त्या मुक्तीचे काय केले, हे १९१३ नंतर एक मराठी विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये राहून पाहत होता.

तरीही या मांडणीतून आंबेडकरांना शांततावादी ठरविणे चूक होईल. लष्कर हे महारांसाठी सन्मानाचे एक दार होते. १८९० च्या दशकाच्या आरंभी ते बंद झाले, आणि ते पुन्हा उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकर व पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ स्वतः सुभेदार होते. युद्धाची गरज निर्माण होताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारण्यात आली. गरज संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. अमेरिकेतही डू बॉइस यांनी जुलै १९१८ मध्ये 'क्रायसिस'मधून कृष्णवर्णीयांना युद्ध संपेपर्यंत गाऱ्हाणी बाजूस ठेवण्याचे आवाहन केले; १९१९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या वाट्याला अनेक शहरांतील वांशिक हल्ले आले. युद्धातून सुधारणा मिळेल हा हिशेब केवळ विद्यापीठातील विचारवंतांचा नव्हता; तो वंचितांचाही होता, आणि त्यांच्या बाबतीत तो चुकला तेव्हा त्याची किंमतही अधिक जबर होती.

बोर्नचा आक्षेप येथे नव्या अर्थाने लागू पडतो. बळाची कार्यक्षमता मोजताना ते कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न ड्यूईंच्या १९१६ च्या मांडणीत दुय्यम राहिला होता. युद्धात बळ राज्यसंस्थेच्या हाती असते, आणि सुधारक वा सैनिक हे तिच्या गरजेपुरते भागीदार असतात. ओतूरच्या विवाहात बळ ज्याच्यावर अन्याय होत होता त्याच्याच हाती होते. म्हणून ते कोणाला परत घेता आले नाही. सीताराम केशव बोले यांच्या विधेयकातून १९२६ मध्ये मुंबई इलाख्यात असा कायदा झाला की, न बोलावलेल्या पुरोहिताला धार्मिक विधीच्या मोबदल्यावर हक्क सांगता येऊ नये. महार पलटण मोडल्याला तेव्हा पाच वर्षे झाली होती. पुढील वर्षी, मार्च १९२७ मध्ये, महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. १९१८ च्या परीक्षणात ऊर्जा या शब्दाने जे सूचित केले होते, त्याचे भाष्य एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात न शोधता या कृतींच्या परंपरेत शोधणे अधिक फलदायी ठरते.